काळी माती, लाल वीट



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचे नाव काढले की कालवा, ऊस आणि साखर कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. पण या साऱ्या वैभवाच्या बुडाशी जी वस्तू आहे, तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. ती वस्तू म्हणजे आपल्या पायाखालची चिकणमाती. पावसाळ्यात ती वहाणेला चिकटते म्हणून आपण तिच्यावर वैतागतो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात म्हणून काळजी करतो, आणि भट्टीवाला ट्रॅक्टर घेऊन दाराशी आला की तिची किंमत काय, असा प्रश्न पडतो. ही माती आली कोठून, तिचे थर बसले कसे, पूर्वी लोक ती कोठून व कशासाठी खणत आणि वावराचा वरचा थर विटांसाठी द्यावा की नाही याचा हिशेब कसा मांडावा, एवढ्या चार गोष्टींचा आज विचार करू.

प्रथम मातीचा जन्म पाहू. आपला बहुतेक महाराष्ट्र देश ज्या काळ्या फत्तरावर बसला आहे, तो फत्तर म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून हा तप्त रस वर आला आणि थरांवर थर पसरत गेला. आपल्याकडचे डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात, ते याच कारणाने. या दगडाला शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. दिसायला तो वज्रासारखा. पण ऊन, पाऊस, हवा आणि झाडांची मुळे यांच्यापुढे त्याचेही काही चालत नाही. तो हळूहळू कुजतो. विहीर खणताना तुम्ही हे पाहिलेच असेल. खाली अखंड दगड, त्यावर कांद्याच्या पाकळ्यांसारखे सोलवटलेले गोटे, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर माती. दगडाची माती होताना मधल्या कोणकोणत्या अवस्था येतात, ते एकाच विहिरीत पाहावयास मिळते.

या दगडात चुना, मॅग्नेशियम आणि लोखंड भरपूर. तो कुजल्यावर, विशेषतः कमी पावसाच्या मुलखात, त्यातून एक खास प्रकारची चिकणमाती तयार होते. तिच्यातील मुख्य खनिजाचे नाव माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधील एका गावावरून हे नाव पडले. नाव अवघड आहे, पण त्याचा गुण समजायला सोपा आहे. एखाद्या पोथीची पाने सुटी असावीत, तसे या खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. पाणी आले की ते पानापानांमध्ये शिरते आणि पोथी फुगते. पाणी आटले की पाने पुन्हा मिटतात आणि पोथी आकसते. आपल्या काळ्या जमिनीला वैशाख महिन्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात, आणि वरचे खाली, खालचे वर होत राहते. काळी जमीन आपली आपणच नांगरते, असे जाणती माणसे म्हणतात, त्यात पुष्कळ तथ्य आहे.

चिकणमातीचा कण किती लहान? एका मिलिमीटरचे पाचशे भाग करा; त्यातल्या एका भागापेक्षाही तो लहान. भारी काळ्या जमिनीत निम्म्याच्या आसपास भाग अशा कणांचा असतो. कण जितके बारीक, तितका पाण्याला आणि खताला धरून ठेवण्याचा त्यांचा गुण मोठा.

आता ही माती नदीकाठी एवढी जाड का साचली? आपल्या भागाला तीन नद्या लाभल्या आहेत. कऱ्हा ही जेजुरी, मोरगाव, बारामती अशी वाहत येऊन सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा ही दोन्ही तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहते. आणि भीमाशंकराहून आलेली भीमा इंदापूरच्या उत्तरेने व पूर्वेने वळसा घालून नीरा-नरसिंहपूर येथे नीरेला भेटते. या नद्यांनी डोंगरउतारावरची कुजलेली माती हजारो पावसाळे खाली आणून टाकली. म्हणून माळावर जावे तर चार बोटे बरड जमीन आणि खाली लगेच मुरूम. मधल्या उतारावर हात-दीड हात मध्यम जमीन. आणि नदीकडे उतरावे तर पुरुषभर किंवा त्याहूनही खोल भारी काळी किंवा मळईची जमीन.

नदीचा उभा तुटलेला काठ, म्हणजे दरड, पाहिली तर हा सारा इतिहास उघडा पडलेला दिसतो. तळाशी गोटे आणि वाळू. त्यावर पिवळसर तपकिरी गाळाचा जाड थर आणि त्यात पांढरे चुनखडीचे खडे. सर्वांत वर काळी माती. चुनखडीचे खडे कसे झाले? पावसाच्या पाण्यात मातीतला चुना विरघळतो आणि खाली झिरपतो. पण आपल्याकडे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर, म्हणजे वीस इंच. एवढे पाणी चुना वाहून नेण्यास पुरत नाही. मग तो वाटेतच थिजून गोळा होतो.

मोरगावजवळ कऱ्हेच्या काठच्या गाळात तर एक अजब पाहुणा सापडला आहे. तो म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. तो लाव्हा फार जुना. ही राख सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची, सुमारे तीन हजार किलोमीटरांवरून वाऱ्याने उडत आलेली. जुन्नर भागात कुकडी नदीकाठी बोरी येथेही ती आहे. या राखेच्या शेजारी आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. राख ७५ हजार वर्षांपूर्वीची की सात-आठ लाख वर्षांपूर्वीची, यावर विद्वानांत मोठा वाद झाला आहे. पण आपल्याला त्यातून घ्यावयाचा मुद्दा वेगळा. नदीकाठचा गाळ म्हणजे नुसता ढिगारा नव्हे. ती क्रमाने लिहिलेली वही आहे. मधले पान फाडले, तर ते पुन्हा लिहिता येत नाही.

आता पूर्वीच्या खोदाईकडे वळू. माती खणणे ही काही आजची गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली वस्ती तेथे निघाली. त्या लोकांची घरे मातीच्या भिंतींची होती, त्यांची धान्याची बळदे होती आणि कुंभाराची भट्टीही होती. म्हणजे आपल्या मुलखात माती खणून, मळून, भाजून वापरण्याची विद्या निदान तीन-साडेतीन हजार वर्षांची आहे.

पुढच्या काळातही गावगाड्यात मातीला ठरलेले स्थान होते. गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंती आणि चुना मिसळून वस्तीच्या जागेची माती पांढुरकी होते. ती काळ्या मातीसारखी फुगत नाही आणि भेगाळत नाही. म्हणून भिंतींना, गढीच्या बुरुजांना आणि माळवदावर टाकण्यास लोक पांढरीची माती वापरत. घर पडले की तीच माती मळून पुन्हा भिंतीला जाई. काळ्या मातीची भिंत घातली तर पहिल्याच पावसाळ्यात ती फुगून ढासळेल, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पोथीच्या पानांचे शास्त्र न शिकताही ठाऊक होते.

कुंभार माती आणी ती बहुधा तळ्याच्या, ओढ्याच्या किंवा नदीकाठच्या गाळाची. ती चाळून, भिजवून, तीत राख आणि लीद मिसळून तो तुडवी. त्यातूनच गाडगी-मडकी, रांजण आणि बेंदराचे बैल होत. चुनखडीचे खडे वेचून व खणून भट्टीत भाजत आणि घाणीत मळून त्यांचा चुना वाडे, घाट आणि देवळे बांधण्यास जाई. ही सारी उघड्यावरची खोदाईच होती. मात्र तिची चाल माणसाच्या कुदळीची आणि गाढवाच्या पाठीची होती. शिवाय तळ्यातून काढलेली माती पुढल्या पुरात परत भरून येई.

पूर्वीचे सगळेच चांगले होते, असे मात्र कोणी समजू नये. खतासाठी आणि भिंतींसाठी लोकांनी जुन्या पांढरीची टेकाडे खणून नेली. त्यांत प्राचीन वस्त्यांचे किती पुरावे गेले, त्याची गणती नाही. आजही एखाद्या टेकाडात खापरे, मणी किंवा राखेचे थर दिसले, तर खोदणे थांबवून जाणत्या माणसाला दाखवावे. शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

आता विटेकडे येऊ. गावोगावी पक्की घरे होऊ लागली, आणि मातीची मागणी एकदम वाढली. वीटभट्टीला लागते ती चिकणमाती. पण निव्वळ काळी माती चालत नाही. साच्यातून काढलेली कच्ची वीट वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून तीत राख, भुसा किंवा गाळवट माती मिसळतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथल्या साखर कारखान्यांमुळे आपल्या भागात उसाच्या चिपाडाची राख जवळच मिळते. माती चाळावी लागते तीही महत्त्वाच्या कारणाने. चुनखडीचा खडा विटेत राहिला, तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. पुढे विटेला पाणी लागले की तो फुगतो आणि वीट फुटते.

मुले विचारतात, माती काळी, मग वीट लाल कशी? मातीत लोखंडाचा अंश असतो. भट्टीत भरपूर हवा आणि उष्णता मिळाली की त्या लोखंडाचा तांबडा गंज बनतो, आणि काळेपणा देणारा सेंद्रिय अंश जळून जातो. त्याच वेळी आणखी एक मोठा बदल घडतो. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे चिकणमातीच्या कणांत बांधले गेलेले पाणीही निघून जाते. पोथीची पाने कायमची चिकटतात. मग ती वस्तू पाण्यात कितीही भिजवा, तिची माती होत नाही. इनामगावची खापरे तीन हजार वर्षे जमिनीत राहूनही खापरेच राहिली. कच्ची भिंत पडली तर तिची पुन्हा माती होते. पक्की वीट फुटली तर तिचा तुकडाच राहतो. भाजलेली माती शेताला परत मिळत नाही, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे सत्य आहे.

आता हिशेब मांडू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरची एक फूट माती काढली, तर ती ४३,५६० घनफूट, म्हणजे साधारण ४३५ ब्रास भरते. नऊ इंच लांब, चार इंच रुंद आणि तीन इंच उंच अशा विटा एका घनफुटात सोळा बसतात. आकसणे, वाया जाणे हे सारे धरले तरी एकरी एका फुटात ढोबळमानाने पाच-सहा लाख विटा होतील. हा आकडा ऐकला म्हणजे भट्टीवाला एवढा आग्रह का करतो, ते ध्यानात येईल.

पण शेतकऱ्याच्या बाजूचा हिशेब पाण्याचा आहे. भारी काळी जमीन दर फुटाला पिकाच्या उपयोगी पडेल असे दीड ते दोन इंच पाणी धरून ठेवते. दोन फूट माती गेली, तर तीन ते चार इंच पाण्याची कोठी गेली. आपला वर्षाचा पाऊसच मुळी वीस इंच. इंदापूरच्या जिरायती रानात शाळू पिकतो, तो पावसाळ्यात मुरलेल्या याच ओलीवर. पेरणीनंतर पाऊस नसला तरी शाळवाला जमीन पाणी पाजते. ती कोठीच विकली, तर पुढे विहिरीवर आणि टँकरवर किती खर्च होईल, ते प्रत्येकाने आपापल्या घरी मांडून पाहावे. शिवाय सेंद्रिय अंश आणि उपयुक्त जिवाणू बहुतांशी वरच्या फूटभरातच असतात. खाली उरतो तो चुनखडीयुक्त, कठीण थर.

कालव्याखालच्या बागायतीत धोका निराळा आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी आले, तसा पुढे काही वर्षांनी खारवट जमिनींचा प्रश्नही आला. नीरा खोऱ्यातील या जमिनींविषयी मान आणि तम्हाणे या शास्त्रज्ञांनी १९१० सालीच पुस्तिका प्रसिद्ध केली होती. चिकणमातीतून पाण्याचा निचरा मुळातच सावकाश होतो. त्यात जमीन दोन-तीन फूट खाली गेली, की शेजारच्या रानांचे पाणी तिच्यात उतरते, भूजल मुळांच्या जवळ येते, पाणी उडून जाऊन क्षार वर राहतात, आणि वावर चोपण होते. माती विकून मिळालेले पैसे एका लग्नात किंवा एका कर्जाच्या हप्त्यात संपतात. पण चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, चर आणि कैक वर्षांचा धीर लागतो.

याचा अर्थ, विटा करू नयेत असा नाही. घरे तर बांधलीच पाहिजेत, आणि भट्टीवर कित्येक कुटुंबांचे पोट आहे. प्रश्न आहे तो माती कोठून घ्यावी याचा. याचे उत्तर जुन्या कुंभाराने देऊन ठेवले आहे. पाणी जेथे माती परत आणून टाकते, तेथून ती घ्यावी. पाझर तलाव, गावतळी आणि बंधारे गाळाने भरत चालले आहेत. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली नदीकाठची सुपीक जमीन आणि जुने पळसदेव गाव गेले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की तेथील जुनी देवळे वर दिसू लागतात आणि त्यांच्याभोवती साचलेला गाळही दिसतो. त्या काठांवर अशी गाळमाती दर साल साचते. मात्र ती जागा सरकारी संपादनातली. परवानगीवाचून तेथे खणता येत नाही.

महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, तिचे मूळ सूत्र हेच आहे. तलावाची जागा मोकळी होते आणि गाळ शेतात जातो. फक्त एक सावधगिरी बाळगावी. गाळ टाकावा तो बरड, मुरमाड रानात. आधीच भारी असलेल्या जमिनीवर तो टाकला, तर निचरा आणखी मंदावतो. आधी गाळ मृदा परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

ज्याला रानातला उंचवटा काढून जमीन सपाट करावयाची आहे, त्यानेही एक पथ्य पाळावे. वरची फूटभर माती आधी बाजूला रचून ठेवावी, खालची काढावी, आणि ठेवलेली माती परत पसरावी. व्यवहार करताना किती लांबी, किती रुंदी, किती खोली हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी बोलण्यातला एक फूट यंत्राखाली सहज दोन फूट होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ प्रमाणे माती हे गौण खनिज धरले जाते. आपल्या वावरातली असली तरी व्यापारी कामासाठी ती काढण्यास महसूल खात्याची परवानगी लागते. नाही तर दंडाची नोटीस येते, आणि तोवर माती नेणारा निघून गेलेला असतो. केंद्र सरकारनेही १९९९ साली अधिसूचना काढून वीज केंद्रांच्या आसपासच्या वीटभट्ट्यांना मातीत दगडी कोळशाची राख मिसळणे बंधनकारक केले. त्यामागचा एक हेतू शेतजमिनीचा वरचा थर वाचवावा हाच होता.

शेवटी शिक्षकांसाठी दोन प्रयोग सांगतो. खर्च काही नाही. काचेच्या सरळ बरणीत तिसरा हिस्सा माती आणि वरपर्यंत पाणी घालून ती खूप हलवा आणि खिडकीत ठेवा. मिनिटभरात वाळू तळाला बसेल, काही तासांत गाळ बसेल, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहिले तर ती चिकणमाती समजावी. माळाची, मळ्याची आणि तळ्याची अशा तीन बरण्या शेजारी ठेवल्या, म्हणजे फरक मुलांना न सांगता कळेल.

दुसरा प्रयोग असा. ओल्या मातीची दहा सेंटिमीटर लांबीची पट्टी पाडा, सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. जितके सेंटिमीटर ती कमी भरेल, त्याची दहापट म्हणजे शेकडा आकुंचन. तळ्याचा गाळ, काळी माती आणि राख मिसळलेली काळी माती यांच्या पट्ट्या करून पाहा. भट्टीवाला राख का मिसळतो आणि आजोबा काळ्या मातीची भिंत का घालत नसत, ही दोन्ही उत्तरे मुले स्वतःच काढतील.

नागपंचमीच्या दिवशी जमीन खणू नये, नांगरू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. वर्षातला तो एक दिवस आपण जमिनीला विसावा देतो. उरलेल्या दिवसांत खणावे लागतेच. पण कुदळ मारण्यापूर्वी हा थर परत येणारा आहे की नाही, एवढे स्वतःला विचारावे. तळ्यातला गाळ पुढच्या पावसाळ्यात येईल. वावरातली काळी मात्र नातवंडांच्याही हयातीत परत येणार नाही.